‘सुटले’चा कर्ता कोण?

आमच्या वन्संना इंग्रजी शब्दांचा नाद आहे. इंग्रजी भाषेचा नव्हे हं, नुसत्या शब्दांचा. एक सबंध वाक्य बोला म्हटलं तर त-त-प-प होते. पण औषधाच्या खोक्यावर एखादा अनोळखी शब्द दिसला की बाईंचे डोळे चमकायला लागतात. मग तो शब्द तोंडात घोळवत घरी येणार आणि मी मशीनवर मान मोडून बसलेली असताना माझ्या कानाशी सोडणार. "वहिनी, रिलीफ आणि रिलीव्ह एकच का गं?" मी म्हणते, "वन्सं, माझा दोरा तुटलाय, आत्ता मला तेवढंच कळतंय." त्यांच्यावर ढिम्म परिणाम होत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. आल्या तेव्हा मला धास्ती वाटली होती, खोटं कशाला बोलू? दोन खोल्यांच्या घरात आणखी एक माणूस, आणि तीही नणंद! पण या बाईनं माझ्या स्वयंपाकात कधी नाक खुपसलं नाही. खुपसलं ते लोकांच्या दुखण्यात. आजारी माणसांजवळ बसायचं काम त्या करतात. आपण नर्स नाही हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतात. अंग पुसायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या. आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर थोड्या थोड्या वेळानं त्याची कूस बदलायची, नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी सोलवटते. एक ब्युरो आहे, तो सांगेल त्या घरी जायचं. सकाळी जातात, अंधार पडायच्या सुमाराला परत येतात.

माझा धंदासुद्धा त्यांनीच बदलला. मी आपली पडदे, अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवत होते. एक दिवस वन्सं आल्या आणि चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "वहिनी, झोपून असलेल्या माणसाला शर्ट घालायचा म्हणजे हाल हाल होतात गं. हात वर जात नाही, बाही अडकते, माणूस कळवळतो. तू पाठ उघडी ठेवून मागे नाड्या लाव ना." मी म्हटलं, असा कुठे शर्ट असतो? पण शिवला. पुढून बघाल तर कॉलर, बटणं, खिसा, सगळं ऐटीत. मागून सगळं मोकळं. आता ब्युरोतल्या बायका रांगेनं येतात माझ्याकडे.

तर गेल्या वर्षी वन्संना हे टायपिस्ट आजोबा मिळाले. मिळाले म्हणजे ब्युरोनं त्यांच्याकडे पाठवलं, पण वन्सं घरी आल्या त्या घबाड मिळाल्यासारख्या. आजोबांनी उभा जन्म कोर्टात टायपिंग केलं होतं. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. आता हाडांत दुखणं शिरलं होतं, आणि ते बरं व्हायचं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, एका खोलीत पलंग, खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, कपाटावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टाइपरायटर. कळ आली की आजोबा ओरडत नसत. त्यांची बोटं पांघरुणावर टपटप चालायला लागत. वन्संनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबा, काय टाइप करताय?" ते म्हणाले, "आरोपीच्या वतीने विनंती करण्यात येते की शिक्षेत सूट मिळावी." आणि दोघंही हसली. जमलंच मग त्यांचं.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची लेक. तिला वन्सं ताई म्हणत. लग्न मोडलेलं, चाळिशी ओलांडलेली, एका मोठ्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी. दिवसभर परक्यांची कटकट ऐकायची आणि घरी आल्यावर वडिलांचं सगळं करायचं. रात्रीची कूस बदलायचं काम तिचं. गजर लावून उठायची बिचारी. वन्सं म्हणायच्या, "ताईंच्या डोळ्यांखालचं काळं बघवत नाही गं." मी म्हटलं, "मग नका बघू, त्यांना चहा करून देत जा." दुसऱ्या दिवसापासून त्या निघायच्या आधी ताईंसाठी चहाचं आधण ठेवून निघायला लागल्या.

आता शब्दांचं सांगते. आजोबांना शिकवायची हौस, वन्संना विचारायची. दुखणं ओसरलेलं असलं की त्यांची शाळा भरायची. आणि संध्याकाळी तीच शाळा माझ्या मशीनपाशी दुसऱ्यांदा भरायची. "वहिनी, मदतीला इंग्रजीत तीन शब्द आहेत. हेल्प, एड, असिस्ट. एका मदतीला तीन शब्द कशाला लागत असतील गं?" मी म्हटलं, "एक तर तिकडे मदत करणारी माणसं फार असतील, नाहीतर अजिबातच नसतील." हे त्यांनी जाऊन आजोबांना सांगितलं, आणि आजोबांनी म्हणे तुझ्या वहिनीला एकदा घेऊन ये असं फर्मान काढलं. तेव्हापासून मीही अधूनमधून शर्टाचं माप घ्यायच्या निमित्तानं जायला लागले.

खरं सांगू? मला त्या शब्दांत काडीचा रस नव्हता. पण एक दिवस आजोबांनी असं काही सांगितलं की माझेही कान टवकारले. रिलीव्ह म्हणजे दुखणं कमी करणं. पण मुळात त्याचा अर्थ हलकं करणं, वजन उचलून घेणं. आणि एक्झॉनरेट म्हणून शब्द आहे कोर्टातला, म्हणजे आरोपातून मोकळं करणं. त्याचाही मूळ अर्थ तोच, ओझं उतरवणं. मिटिगेट म्हणजे मऊ करणं. डॉक्टर कळ मऊ करतो, जज्ज शिक्षा मऊ करतो. वन्सं थक्क होऊन म्हणाल्या, "म्हणजे इंग्रज लोक दुखणं आणि आरोप एकाच काट्यावर तोलतात?" आजोबा म्हणाले, "इंग्रजांचे कुठले, हे सगळे लॅटिनकडून घेतलेले." मी म्हटलं, "हात्तिच्या! म्हणजे उसनेच की."

सगळ्यात मजा आली ती पॅलिएटिव्ह या शब्दाची. डॉक्टर येताजाता तो वापरायचे. आता पॅलिएटिव्हच द्यायचं, म्हणजे आजार बरा होत नाही, पण त्रास कमी करायचा. आजोबा म्हणाले, या शब्दाच्या पोटात एक झगा आहे. जुन्या काळचा, अंगावर लपेटून घ्यायचा. पॅलिएट म्हणजे त्या झग्यानं झाकणं. मी टुणकन सरळ बसले. "अहो, म्हणजे पांघरूण घालणं!" "अगदी बरोबर," आजोबा म्हणाले, "आणि आपण चुकीवरही पांघरूण घालतो ना? इंग्रजीतही तेच. दुखण्यालाही पॅलिएट, गुन्ह्यालाही पॅलिएट." त्या दिवशी बसमध्येही माझ्या डोक्यात तो झगाच घोळत होता. शिवणारीला कापड सापडलं की तिचं दुसरीकडे लक्ष लागत नाही.

आणि मग ‘सुटले’चं प्रकरण झालं.

आजोबांचा ठणका त्या आठवड्यात फार वाढला होता. डॉक्टरांनी गोळी बदलून छातीवर लावायची औषधाची पट्टी दिली. एक रात्र, एक सकाळ गेली, आणि दुपारी जेवण झाल्यावर आजोबांचा चेहरा सैल पडला. बोटं थांबली. कितीतरी दिवसांनी ते न कण्हता पडून होते, डोळे मिटलेले, श्वास संथ. वन्संना आनंद आवरेना. त्या एरवी ताईंना कामावर कधी फोन करत नसत. त्या दिवशी केला. हात ओले होते, म्हणून फोन आजोबांच्या उशाशी ठेवून स्पीकर लावला. आणि शिकलेला शब्द वापरायची केवढी ती हौस! ओरडल्याच त्या, "ताई, बाबा रिलीव्ह झाले!"

आता ऑफिसात रिलीव्ह होणं म्हणजे काय? माणूस नोकरी सोडून कायमचा गेला. ताई म्हणाल्या, "काय? काय झाले?" वन्संना वाटलं, शब्द कळला नाही वाटतं, म्हणून मराठीत सांगितलं. "सुटले हो ताई, सुटले!"

दुखण्यातून सुटले असं म्हणायचं होतं हो त्यांना. पण दुखणाईत माणूस सुटला असं आपण कधी म्हणतो? तुम्हीच सांगा.

फोनवर एक लांब श्वास आला. मग ताईंचा आवाज, हळू. "सुटले." एवढंच. आणि फोन बंद झाला.

वन्सं खुशीत संत्रं सोलायला बसल्या. थोड्या वेळानं दारात शेजारचे काका, दोन हातांत दोन घडीच्या खुर्च्या. ताईंनी ऑफिसातून निघताना त्यांना फोन केला होता, लोक यायला लागतील म्हणून. काकांनी आवाज खाली उतरवून विचारलं, "कधी झालं?" वन्सं म्हणाल्या, "आत्ताच, जेवणानंतर." "फार त्रास झाला का?" "छे हो, त्यांना स्वतःलाही कळलं नाही. बघता बघता शांत झाले." काकांनी मान हलवली. "कुठे ठेवलंय?" "म्हणजे काय? आतच की. कुठे ठेवणार?" तेवढ्यात आतून आजोबांचा आवाज आला, "कोण आलंय?" आणि काकांच्या हातातल्या दोन्ही खुर्च्या दाणकन जमिनीवर!

वन्संनी हे मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसून हसून कात्री खाली ठेवली. पण त्या हसत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "वहिनी, ते झोपले नव्हते गं. मी फोन केला तेव्हा ते जागे होते, सगळं ऐकत होते."

ताई आल्या होत्या त्या दोन मैत्रिणींच्या आधारानं, तोंड रडून सुजलेलं. बाप जिवंत बघून त्यांनी पलंगावर डोकं टेकलं, पाय घट्ट धरले, रडणं आणि हसणं एकदमच. आजोबा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "पाय दुखतात. सोड." बस्स. त्या क्षणापासून त्यांनी लेकीला हात लावू दिला नाही.

राग? नाव नाही रागाचं. तेच तर वाईट होतं. ती खोलीत आली की म्हणायचे, "तू जेवून घे. तू झोप. तू दमतेस." परक्या बाईशी बोलावं तसं गोड. पण रात्री कूस बदलायला ती उठली की म्हणत, "नको, मला असंच बरं वाटतं." आणि रात्रभर एकाच कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दोनचार दिवसांत वन्संना त्यांच्या कमरेच्या हाडावर लाल चट्टा दिसला. मग तिथली कातडी गेली. वन्संनी इतक्या वर्षांत आपल्या माणसाला अशी जखम होऊ दिली नव्हती. त्या सकाळी त्यांना हुंदका आवरला नाही. "माझ्या जिभेला काही हाड आहे का! माझ्या एका शब्दानं बापलेकीची ताटातूट झाली गं." मी म्हटलं, "ताटातूट कसली, एकाच घरात आहेत." तोंडानं म्हटलं, पण माझंही मन मला खात होतं.

पुढे ऐका. आजोबांनी आपण होऊन ब्युरोला फोन केला. जिथे रात्रंदिवस माणसं असतात अशा ठिकाणी मला पाठवा, म्हणाले. जागा मिळाली. सोमवारी गाडी यायची ठरली. तिथे नीटनेटकं जावं म्हणून माझ्याकडे दोन शर्टांची ऑर्डर, कॉलर कडक हवी. ताई रडल्या, विनवण्या केल्या. आजोबांचं एकच उत्तर. "मी तुला संशयाचा फायदा दिलाय. तू मोकळी आहेस."

संशय कसला? त्या एका शब्दाचा. आजोबांचं म्हणणं असं, की वन्सं म्हणाल्या ‘सुटले’, म्हणजे बाबा सुटले. मग लेक म्हणाली ‘सुटले’. आता ती काय म्हणाली? ‘बाबा सुटले’ म्हणाली, की ‘मी सुटले’ म्हणाली? मोठ्या माणसाबद्दल आदरानं बोललं तरी सुटले, आणि बाई स्वतःबद्दल बोलली तरी सुटले. आपली भाषाच मुलखाची लबाड, त्याला कोण काय करणार? वन्संनी नाही नाही ते करून पाहिलं. "आजोबा, ताई तुमच्याबद्दलच म्हणाल्या. माझ्याच पाठोपाठ म्हणाल्या ना?" आजोबा म्हणाले, "पॅलिएट करू नकोस. तिचा श्वास मी ऐकला. श्वास टाइप करता येत नाही, पण ऐकू येतो." मग वन्संनी ताईंना गाठलं. "तुम्ही सरळ सांगून टाका, बाबांबद्दल म्हणाले म्हणून. झालं गेलं विसरतील." ताई कप विसळत राहिल्या.

शनिवारी मी शर्ट घेऊन गेले. ताईंना सुट्टी होती, त्या स्वयंपाकघरात होत्या. आजोबा नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून. वन्संनी त्यांना अलगद उताणं केलं, मी शर्ट पुढून अंगावर पांघरून मापं बघत होते, तोंडात टाचण्या. खोलीत इतकी अवघड शांतता की खालच्या दुकानात चाकात हवा भरल्याचा आवाज ऐकू यावा. आणि अशा वेळी आमच्या वन्संनी काय करावं? त्यांना एक शंका आली. देवाशपथ सांगते, त्यात काही डाव नव्हता. ही बाई अशीच आहे, घराला आग लागली तरी बंबावर काय लिहिलंय ते वाचत बसेल.

"आजोबा, ते संशयाचा फायदा म्हणतात ना, त्याला इंग्रजीत काय?"

"बेनिफिट ऑफ डाउट," आजोबा म्हणाले. शब्द विचारला की त्यांना उत्तर दिल्यावाचून राहवत नसे, मरणाच्या दारातही.

"मग तो फायदा मिळाला, की संशय जातो का हो?"

"नाही गं. संशय कुठे जातोय? माणूस जातो. संशय तिथेच कागदपत्रांत राहतो."

"मग त्याचा उपयोग काय?"

"सुटका होते ना."

"कुणाची?"

आजोबांनी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. वन्सं उत्तराची वाट बघत होत्या, अगदी प्रामाणिकपणे, शाळेतल्या पोरीसारख्या. मला वाटलं, आता यांना चिमटा काढावा आणि बाहेर न्यावं. पण माझ्या तोंडात टाचण्या आणि हातात बाही.

"आणि संशय घालवायचाच असला तर?" वन्संनी पुढचं विचारलंच.

"तर आरोपीला समोर उभं करून..." आजोबा म्हणाले, आणि थांबले. त्यांची बोटं पांघरुणावर चालायला लागली होती, तीही थांबली. मग हळूच वाक्य पुरं केलं. "...विचारावं लागतं."

मी टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या. आता माझ्याच्यानं गप्प राहवेना. म्हणणार होते, अहो मग विचारा की, सोमवारी गाडीत बसून विचारणार आहात का? पण त्यांनीच हाक मारली. "ये इकडे."

ताई दारात आल्या. हात ओले, ओढणीला पुसत. खोलीत आम्ही दोघी बघून त्या बावरल्या. मी उठायला लागले, तर आजोबा म्हणाले, "बसा तुम्ही. साक्षीदार असावेत." मग लेकीकडे न बघता, छताला विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी फोनवर तू ‘सुटले’ म्हणालीस."

"हो."

"कर्ता कोण?"

उत्तर तयार होतं. वन्संनीच तयार करून दिलं होतं. ‘तुम्ही, बाबा’, एवढंच म्हणायचं होतं. बाप मानायलाही तयार होता, दिसत होतं ते त्याच्या तोंडावर. डोळे मिटून त्यानं मान्यच केलं असतं, गाडी परत गेली असती, सगळं सुरळीत झालं असतं. ताईंनी वन्संकडे पाहिलं. वन्सं मानेनंच हो हो म्हणत होत्या, म्हण गं बाई म्हण.

"मी," ताई म्हणाल्या.

वन्संनी कपाळावर हात मारला.

आजोबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "पुढे," ते म्हणाले. कोर्टात साक्ष टाइप करताना म्हणत असतील तसं.

"मी सुटले असं म्हणाले मी," ताई म्हणाल्या. "खोटं नाही सांगणार बाबा. दिवसभर मी लोकांचे फोन घेते. शिव्या देतात, रडतात, काही वाटत नाही मला. पण ड्रॉवरमध्ये माझा स्वतःचा फोन असतो, तो थरथरला की कानातलं बोलणं ऐकूच येत नाही. घरचा असेल. पडले असतील. गेले असतील. रोज. त्या दिवशी तो फोन आला, आणि पहिली गोष्ट मनात आली ती हीच, की आता तो वाजणार नाही. सुटले. आणि खरंच हलकं वाटलं मला. दोन मिनिटं. मग मी जिन्यात आले आणि पायरीवर बसले, आणि तेव्हा कळलं, की आता तो कधीच वाजणार नाही. मग मला उठताच येईना. त्या दोघींनी धरून आणलं ते त्यासाठी." त्यांनी ओढणीनं नाक पुसलं. "आधीचंही खरं आहे बाबा आणि नंतरचंही. त्यातलं एकच सांग म्हणाल, तर मला नाही सांगता यायचं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला वन्संचा राग येत होता, ताईंचा राग येत होता, आजोबांचा तर फारच येत होता. एवढं ऐकून घ्यायला इतके दिवस कशाला लावायचे माणसानं?

आजोबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानाकडे गेलं. ते पुसायला त्यांचा हात पोचत नव्हता. वन्सं रुमाल घेऊन पुढे झाल्या, तर त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"मी उभ्या जन्मात हजारो निकाल टाइप केले," ते म्हणाले. "दिला मात्र एकही नाही. मला येत नाही ते."

"निकाल नकोच आहे मला," ताई म्हणाल्या.

"हं," आजोबा म्हणाले. मग वन्संना, "त्या गाडीवाल्याला फोन कर. नको म्हणावं."

वन्संनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच ऐकू आला. आजोबांनाही आला असणार, पण त्याचा कर्ता त्यांनी विचारला नाही. ते थोडे हलले, आणि कमरेला कळ गेली म्हणून ओठ आवळले. उताणं झोपून फार वेळ झाला होता. वन्सं सवयीनं उठल्या आणि पलंगापाशी गेल्या.

"तू नको," आजोबा म्हणाले. "ती घेईल. आणि भिंतीकडे नको. या बाजूला घे."

ताई पलंगापाशी बसल्या. एक हात त्यांनी वडिलांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि नेमका तो हात जखमेला लागला. "आई गं!" आजोबा कळवळले. ताईंनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले. "सॉरी बाबा, सॉरी, लागलं का, वन्सं तुम्हीच या..." त्यांच्या तोंडून वन्सं हा माझा शब्द गेला, एवढ्या त्या घाबरल्या होत्या.

"हात काढू नकोस," आजोबा दात आवळून म्हणाले. "दुखणारच आहे ते. तू घे."

ताईंनी पुन्हा हात घातले, आणि त्यांना आपल्याकडे वळवलं.